घरी पिक्चर बघता बघता वाइन टेस्टिंग कसं करायचं

शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जमायचं, पिक्चर लावायचा आणि सोबत वाइन, हे आता पुण्यामुंबईत, नाशकात सगळीकडे चालतं, पण बहुतेक वेळा होतं काय की बाटली उघडली, ग्लास भरले, पिक्चर सुरू झाला आणि बाटली संपली तरी कुणालाच सांगता येत नाही की नक्की काय प्यायलो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वाइन चाखायला पिक्चरसारखी चांगली वेळ नाही. वाइनरीत टेस्टिंगला गेलात तर पाच-सहा वाइन अर्ध्यापाऊण तासात भराभर समोर येतात, चौथीपर्यंत पहिलीची चव विसरायला होतं. घरी पिक्चरला अडीच तास मिळतात आणि तेवढ्या वेळात एकच वाइन ग्लासात हवा लागून, थोडी कोमट होऊन चांगलीच बदलते. तो बदल पकडायचा, एवढंच ठरवून बसा. बाकी सगळी तयारी त्यासाठी.

पहिलं म्हणजे बाटल्या किती. सहा जण असाल तर तीनच, जास्त नको. एका बाटलीत ७५० मिली असते, चाखायला माणशी ६० मिली म्हणजे एक मोठा पेग धरला तर एका बाटलीत बारा जणांचं होतं, म्हणजे सहा जणांत प्रत्येक वाइन दोनदा घेता येते आणि तरीही घाई होत नाही. पाच-सहा प्रकार आणले की शेवटचे दोन कुणी नीट चाखत नाही, नुसते पितात.

कुठल्या तीन घ्यायच्या? आपण महाराष्ट्रात आहोत आणि द्राक्षं आपल्या दारात आहेत, त्यामुळे पहिल्या वेळी तरी बाहेरच्या देशातली बाटली शोधत बसू नका. माझी सुचवण अशी, एक स्पार्कलिंग म्हणजे फसफसणारी, एक शेनिन ब्लां म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट, आणि एक रेड. स्पार्कलिंगमध्ये दिंडोरीची शांदों ब्रूट किंवा सुलाची ब्रूट सहज मिळते, ब्रूट म्हणजे कोरडी, गोड नसलेली. (आपल्याकडे फसफसणाऱ्या वाइनची सुरुवात त्याही आधीची, शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग बनवली आणि ती परदेशात पाठवली, तमाशाच्या पंढरीतून, मला याचं आजही फार कौतुक वाटतं.) शेनिन ब्लां नाशकात चांगली रुजलीये, सुलाची किंचित गोडसर असते आणि पहिल्यांदा पिणाऱ्यांना ती लगेच आवडते. रेडसाठी अकलूजजवळच्या फ्रातेलीची सांजोवेझे घ्या किंवा नाशकातली कुठलीही शिराझ, ही दोन्ही रेडच्या द्राक्षांची नावं. ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह पण चांगली, ती कॅबर्ने आणि शिराझ मिसळून केलेली असते आणि जरा भारदस्त आहे, म्हणून जेवण भरपूर असेल तरच.

दुकानात बाटली हातात घेतली की दोन गोष्टी बघा. एक, लेबलवरचं साल. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या आसपास तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, कारण आपल्या पावसाळ्यात वाइनचं द्राक्ष टिकणार नाही म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटणी करून पीक थंडीत आणतात. त्यामुळे त्याच वर्षाची व्हाइट त्याच वर्षी दुकानात येऊ शकते, आणि आपल्या बहुतेक व्हाइट ताज्याच छान लागतात, तीन-चार वर्षं जुनी बाटली कुणी डिस्काउंटमध्ये देत असेल तर नको म्हणा. दोन, बाटली कुठे ठेवलीये. काचेच्या शोकेसमध्ये ऊन लागतंय, किंवा बूच असेल आणि ते जरा वर आल्यासारखं दिसतंय, तर ती बाटली तापलेली आहे, शेजारची मागा. आणि हो, कॅलेंडर बघून घ्या, ड्राय डेच्या आदल्या दिवशी आठवलं तर ठीक, त्याच दिवशी आठवलं तर मग कोकम सरबत.

आता थंड करणं. याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वाइन इथेच वाया जाते. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते युरोपातल्या गार घरांचं रूम टेंपरेचर, साधारण १६ ते १८ डिग्री. आपल्या हॉलमध्ये मे महिन्यात ३२-३३ असतं. तेवढ्या गरम रेडमधून आधी अल्कोहोलचाच वास नाकात जातो, फळाचा वास मागे पडतो, मग लोक म्हणतात रेड कडक लागते. म्हणून रेडसुद्धा फ्रिजमध्ये, पाऊण तास. व्हाइट तीन तास आधी, आणि ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढायची कारण अगदी बर्फासारखी गार असेल तर वासच येत नाही. स्पार्कलिंग मात्र जितकी गार तितकी बरी, सहा ते आठ डिग्री. विसरलात तर बादलीत अर्धा बर्फ अर्धं पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. वाइनमध्ये बर्फाचे क्यूब टाकू नका, पाणी झालेली वाइन चाखून काय कळणार.

स्पार्कलिंग उघडताना जाळी सैल केली की अंगठा बुचावरून काढायचा नाही, वर नॅपकिन धरायचा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची, आणि तोंड टीव्हीकडे, ट्यूबलाइटकडे किंवा कुणाच्या चेहऱ्याकडे नको. आवाज न होता हळूच फुस्स झालं म्हणजे नीट उघडली. मोठा धमाका केला की फेस जमिनीवर जातो आणि त्याच्याबरोबर अर्धी मजा. बाकी आपल्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरवायचं झाकण असतं, त्यामुळे ओपनर नसला तरी रात्र बुडत नाही.

ग्लास पातळ काचेचे, तोंडाशी थोडे आत वळलेले असतील तर उत्तम, सहा सारखे नसले तरी चालतील. स्टीलचे नकोत आणि कटिंग चहाचे छोटे पण नकोत, त्यात वाइन फिरवायला जागा नसते. ग्लास आदल्या दिवशी घासले असतील तरी नुसत्या गरम पाण्याने परत विसळून घ्या, साबणाचा आणि कपाटाचा वास काचेला राहतो आणि स्पार्कलिंगचे बुडबुडेसुद्धा साबणामुळे पटकन बसतात. त्या संध्याकाळी उदबत्ती, रूम फ्रेशनर, डास पळवायची कॉइल यातलं काही लावू नका, येणाऱ्यांना पण सांगून ठेवा की परफ्यूम कमी मारा. नाकाशिवाय वाइनची चव जवळजवळ काहीच कळत नाही, सर्दी झालेल्या माणसाला विचारा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वाट्या. पिक्चरच्या आधी किचनच्या ओट्यावर सहा-सात छोट्या वाट्या मांडा आणि त्यात घरातलेच वास ठेवा. पिकलेल्या पेरूची फोड, अननसाचा तुकडा, लिंबाची किसलेली साल, चिरलेली हिरवी ढोबळी मिरची, जाडसर कुटलेली काळी मिरी, दोन लवंगा, जून-जुलै असेल तर चेचलेलं जांभूळ. वाइनच्या पुस्तकात ब्लॅककरंट, गूजबेरी असलं काय काय लिहिलेलं असतं आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती फळं कधी हातात घेतलेली नसतात, मग वाटतं आपल्याला नाक नाही. नाक आहे हो, फक्त ओळखीची फळं समोर पाहिजेत. शेनिन ब्लां हुंगली की पेरू आणि अननस हमखास आठवतो. सॉव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाइट आणली असेल तर तिच्यात आणि कॅबर्नेमध्ये ढोबळी मिरचीचा जो वास येतो तो कल्पनेतला नाही, त्याच जातीचे सुगंधी रेणू मिरचीतही असतात आणि द्राक्षातही. शिराझमधल्या मिरीचंही तसंच, काळ्या मिरीत जो रोटंडोन नावाचा घटक असतो तोच शिराझच्या सालीत सापडतो. एकदा वाटी हुंगायची, एकदा ग्लास, परत वाटी. जे मित्र पीत नाहीत त्यांनाही यात पूर्ण भाग घेता येतो, त्यांना फक्त वास ओळखायला सांगा, कित्येकदा तेच जिंकतात.

पिक्चर कुठला लावायचा यावर माझं मत पक्कं आहे, सगळ्यांनी आधी बघितलेला. नवीन थ्रिलर लावला की हात आपोआप ग्लासाकडे जातो आणि काय प्यायलो याचा पत्ता नाही. आणि गाणी असलेला पिक्चर सगळ्यात बरा, कारण गाणं लागलं की गोष्ट थांबते, तेव्हा ग्लास उचलायचा, फिरवायचा, वास घ्यायचा, छोटा घोट, तो तोंडात सगळीकडे फिरवायचा आणि मग गिळायचा. गाणं संपलं की ग्लास खाली. पाच-सहा गाण्यांच्या पिक्चरमध्ये असं केलंत तर त्याच ग्लासात दर पंचवीस-तीस मिनिटांनी काय फरक पडतोय ते आपसूक कळतं, वेगळं घड्याळ लावायला नको.

समजा नऊला पिक्चर लावायचाय. साडेआठला सगळे लाइट चालू असतानाच स्पार्कलिंग ओता, ग्लासाच्या एक तृतीयांशच, आणि पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा, अंधार झाल्यावर रंग दिसणार नाही. प्रत्येकाने मोबाइलमध्ये किंवा चिठ्ठीवर फक्त दोन शब्द लिहायचे, आवडली की नाही आणि कशाचा वास आला. एकमेकांना लगेच सांगायचं नाही, हे महत्त्वाचं, कारण ग्रुपमधला एक जरी ठामपणे म्हणाला की स्ट्रॉबेरी येतेय तर बाकी सगळ्यांना स्ट्रॉबेरीच यायला लागते. स्पार्कलिंग संपत आली की शेनिन, आणि ती घेऊन सोफ्यावर. पहिला अर्धा पिक्चर शेनिनचा. गार असताना आंबट आणि हलकी वाटते, अर्ध्या तासाने तीच जास्त गोड आणि पेरूच्या वासाची वाटते, हे बदललेलं ज्याला पहिल्यांदा कळतं त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

रेडचा प्रयोग मात्र नऊच्या आधीच मांडून ठेवायचा. बाटलीतली अर्धी रेड काचेच्या रुंद जगमध्ये ओता, उरलेली तशीच बाटलीत, झाकण लावून. दोन्ही शेजारी शेजारी, एसीच्या खोलीत. मध्यंतराच्या पाऊण तास आधी कुणीतरी उठून दोन्ही फ्रिजमध्ये ठेवायची. ओटीटीवर मध्यंतर नसलं तरी आपण करायचं, काही पिक्चरमध्ये अजूनही पाटी येते, नाहीतर साधारण निम्म्यावर पॉझ. लाइट लावा, प्रत्येकाला दोन ग्लासात थोडी थोडी ओता, कुठली जगमधली आणि कुठली बाटलीतली हे फक्त ओतणाऱ्याला माहीत. मग मतं घ्या. हवा लागलेली रेड बऱ्याचदा मऊ वाटते, वास मोकळा झालेला असतो, पण एखाद्या हलक्या वाइनचा ताजेपणा त्यात कमीही होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जगच जिंकेल असं नाही आणि म्हणूनच हे करण्यात मजा आहे. गप्पा काय मारायच्या त्या मध्यंतरातच, वीस मिनिटं, जोरजोरात, सगळ्या चिठ्ठ्या वाचून.

रेड प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, कच्चं जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर होतं तसं, ते टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड आवळल्यासारखं होतं, आणि लागोपाठ घोट घेतले तर ते वाढतच जातं. म्हणून मध्ये काहीतरी खायचं आणि पाणी प्यायचं. दोन वाइनच्या मध्ये तोंड साफ करायला नुसते कुरमुरे किंवा साधा पाव ठेवा, त्यांची स्वतःची चव कमी असते.

खाण्याचं म्हणाल तर खारट आणि तळलेलं हे वाइनचे जिवलग. मीठ लावलेले साधे पॉपकॉर्न आणि स्पार्कलिंग, याच्यापुढे पिक्चर बघताना दुसरं काही नको. कांदाभजी, कोथिंबीर वडी, बोंबील फ्राय यांच्याबरोबरही स्पार्कलिंग किंवा सॉव्हिन्यों, कारण तिचा आंबटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतो. पातळ पोह्यांचा चिवडा आणि भाकरवडी शेनिनबरोबर, गोड-आंबट-तिखट सगळं एकात असलेल्या खाण्याला तिचा गोडसरपणा सांभाळून घेतो. कॅरॅमल पॉपकॉर्न मात्र टाळा, गोड खाल्लं की कोरडी वाइन आंबटढाण लागते. खाण्यापेक्षा वाइन जास्त गोड पाहिजे, हा नियम लक्षात ठेवला तर गोडाची चूक होत नाही, आणि शेवटी श्रीखंड किंवा पुरणपोळी असेल तर लेट हार्वेस्ट म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड शेनिनची छोटी बाटली आणा, सुलाची आहे, रेव्हिलोची आहे. तिखटाचं जपून. ठेचा, तांबडा रस्सा, लसणीची झणझणीत चटणी आणि रेड एकत्र आले की अल्कोहोल आणि टॅनिन दोघं मिळून जाळ वाढवतात, मग ना मटणाची चव ना वाइनची. सुकं मटण करायचंच असेल तर लाल तिखट कमी आणि काळी मिरी जास्त टाका, शिराझबरोबर ते इतकं जुळतं की त्या रात्रीचा पिक्चर विसरला तरी ते लक्षात राहील. मासा आणि रेड पण नको, रेडमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून मागाहून एक धातूसारखी, जुन्या माशासारखी चव येते. चीज साधं क्यूबवालंही चालतं, भारी चीजच्या मागे पैसे घालवण्यापेक्षा ते बाटलीत घाला.

पिक्चर संपला आणि कुणाला झोप आली नसेल तर अंधाराचा फायदा घेऊन एक खेळ. फ्रान्समध्ये बोर्डोला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये नुसता लाल रंग मिसळून दिला होता, तो रंग असा की त्याला वासच नाही, आणि त्यांनी त्या वाइनला बहुतेक रेडचेच शब्द लावले, हा प्रयोग २००१ साली छापून आला. शिकलेल्या लोकांचं नाकही डोळ्यांच्या मागे जातं. तर आपण उलटं करायचं, डोळेच काढून घ्यायचे. मध्यंतरानंतर थोडी शेनिन आणि थोडी रेड दोन ग्लासात काढून शेजारी शेजारी बाहेर ठेवून द्या म्हणजे दोन्ही सारख्याच कोमट होतील, गारपणावरून ओळखता येता कामा नये. मग डोळ्यांवर ओढणी बांधून फक्त वासावरून विचारा, व्हाइट की रेड. आणि मग घोट घेऊन परत विचारा. वासावर गोंधळणारे घोट घेतल्यावर टॅनिनवरून ओळखतात, आणि टॅनिन म्हणजे काय हे त्यांना त्या क्षणी जे कळतं ते दहा पानं वाचून कळणार नाही.

पुढच्या वेळी जरा पुढे जायचं असेल तर तीन वेगळ्या वाइनच्या ऐवजी एकच द्राक्ष तीन वाइनरींचं आणा, म्हणजे तीन शेनिन किंवा तीन शिराझ, आणि बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून १, २, ३ लिहा. गळा आणि झाकणसुद्धा झाका, त्यावरून ओळखणारे असतात. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइनविक्रेत्याने अशाच झाकलेल्या बाटल्या फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या आणि त्यांनी व्हाइट आणि रेड दोन्हीत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली काढली, लेबल दिसत असतं तर हे झालं नसतं. तुमच्या घरातही सगळ्यात स्वस्त बाटली पहिली येऊ शकते, आली तर तीच पुढच्या वेळी घ्या.

रात्री घरी जाण्याचं आधी ठरवा, बाटली उघडायच्या आधी. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवायची मर्यादा आहे आणि दोन ग्लासात माणूस ती सहज ओलांडतो, म्हणून गाडी आणूच नका, कॅब करा किंवा सरळ गाद्या टाका. ज्याला ग्लासातली पूर्ण प्यायची नसेल त्याच्यासाठी टेबलावर एक रिकामं पातेलं ठेवा आणि त्यात ओतून टाकणं अगदी नॉर्मल आहे हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा, नाहीतर लोक संकोचाने संपवत बसतात.

उरलेली वाइन बाटलीतच झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. व्हाइट आणि रेड तीन-चार दिवस चांगल्या राहतात, स्पार्कलिंगला वेगळा घट्ट स्टॉपर लागतो आणि तरी ती दुसऱ्या दिवशीच संपवलेली बरी. रविवारी दुपारी त्याच रेडचा एक घोट घेऊन आदल्या रात्रीच्या चिठ्ठीशी ताडून बघा आणि खाली तिसरी ओळ लिहून ठेवा.